शहरातलं प्रेम लिहिण्याआधी पत्ता लिही

प्रिय मित्रा,

शहरातल्या प्रेमावरचा तुझा विनोदी लेख दोनदा वाचला. एकदा नुसता, एकदा हातात पेन्सिल घेऊन. त्यातली मुलगी आवडली, मुलगाही आवडला, आणि दोघांचा एकमेकांवर जीव आहे हे पहिल्या पानातच कळलं. विनोदी लेखात नेमकी हीच गोष्ट आधी हरवते. ती तुझ्याकडे शाबूत आहे, म्हणून हे लांब पत्र.

खोट दुसरीकडे आहे. तुझी दोघं ‘एका कॅफेत’ भेटतात, ‘ट्रॅफिकमुळे’ उशीर होतो, ‘घरच्यांचा’ विरोध असतो. कॅफे कुठल्या स्टेशनाबाहेरचा, ट्रॅफिक कुठून कुठे जाताना, घरचे म्हणजे किती जण आणि किती खोल्यांत? यातलं काहीच न सांगता तू विनोद सुरू केलास, म्हणून तो अधांतरी राहिला. शहरातल्या प्रेमाच्या आड माणसं कमी येतात. आड येतात अंतर, भाडं, गाडीची वेळ आणि जागा. या अडचणी जितक्या नेमक्या लिहिशील तितकं हसू येईल, आणि प्रेम जितकं खरं असेल तितकं ते हसू टिकेल.

पुढच्या वेळी लिहायला बसण्याआधी एक कोरा कागद घे आणि मधोमध रेघ मार. एका बाजूला तो, दुसऱ्या बाजूला ती. राहायचं स्टेशन, ऑफिसचं स्टेशन, सुटायची वेळ, पगार, त्यातलं भाड्यात किती जातं, घरी पोहोचायची शेवटची वेळ आणि ती वेळ कोणी ठरवली, घरात माणसं किती आणि दारं किती. दारांचा आकडा मुद्दाम लिही. वन रूम किचनमध्ये आतून कडी लावता येईल असं दार बहुधा एकच असतं, बाथरूमचं. फोनवर हळू आवाजात बोलायला माणूस कुठे जाईल हे त्या आकड्यावरून ठरतं: जिन्यात, गच्चीवर, की कचरा टाकायच्या निमित्ताने खाली. दिवसातून तीनदा कचरा टाकायला जाणारा मुलगा आणि ‘हल्ली फार कामाला लागलाय’ म्हणून सुखावलेली त्याची आई, एवढं त्या एका रकान्यातून निघतं. ते डोक्यातून काढायला गेलास तर आठवडा जाईल.

आता हाच कागद मुंबईपुरता भरून दाखवतो. तो डोंबिवलीला राहतो, ऑफिस फोर्टात. ती कांदिवलीला राहते, ऑफिस लोअर परळला. त्याची लाइन मध्य, तिची पश्चिम. संध्याकाळी घरी जाताना दोघांच्या वाटेत एकच सामाईक स्टेशन लागतं, दादर. म्हणजे भेट दादरलाच होणार, आणि त्यासाठी त्याला गाडीतून उतरावं लागणार. इथे तुझा लेख सुरू होतो, कारण उतरणं म्हणजे सीट सोडणं. सीएसएमटीला संध्याकाळी सातच्या सुमाराची डोंबिवली फास्ट पुरती थांबायच्या आत चढलं नाही तर खिडकी मिळत नाही. लोक आधीच्या स्टेशनावरूनच सीएसएमटीकडे उलटं बसून येतात, त्याला ‘डाउन करून येणं’ म्हणतात. तर हा मुलगा खिडकी मिळवतो, भायखळ्यापर्यंत ती अंगाखाली राखतो आणि दादरला उठतो. पुढे पाऊणएक तास दाराच्या कोपऱ्यात एका पायावर उभं राहून जाणार हे त्याला ठाऊक आहे. फुलं, अंगठी, कविता यांतल्या कशानेही जे सिद्ध होणार नाही ते त्या उठण्याने होतं. हा प्रसंग हसवतो, आणि वाचकाला तो मुलगा आवडायलाही लागतो. दोन्ही एकदमच व्हायला हवं.

पण सोलापूरच्या किंवा न्यू जर्सीच्या मराठी वाचकाला खिडकीची किंमत माहीत नाही. ती दोन वाक्यांत आधी सांगावी लागते, आणि ‘आधी’ हा शब्द महत्त्वाचा आहे. नवोदित आधी प्रसंग लिहितात आणि मग ‘मुंबईत सीट मिळणं किती कठीण असतं हे मुंबईकरच जाणे’ असं शेपूट लावतात. नियम आधी सांग, मग तो मोडू दे. नियम सांगतानाच थोडी गंमत आली तर वाचकाला शिकवणी वाटणार नाही.

तपशील चुकला तर मात्र सगळं पडतं. दादरला पूर्वी पश्चिम रेल्वेचा एक नंबर फलाट वेगळा होता आणि मध्य रेल्वेचा वेगळा. ‘एक नंबरवर थांब’ म्हटलं की दोघं दोन एक नंबरांवर अर्धा अर्धा तास उभी राहू शकत. डिसेंबर २०२३ मध्ये मध्य रेल्वेच्या फलाटांना ८ ते १४ असे नंबर दिले आणि ही चुकामूक संपली. ती वापरायची असेल तर गोष्ट त्या आधीच्या सालात ठेव. आजची असेल तर नवी चुकामूक शोध. दादरला पादचारी पूल एकाहून जास्त आहेत, आणि ‘पुलावर भेटू’ म्हणताना प्रत्येकाच्या डोक्यात आपला रोजचा पूल असतो. तेच नावांचं. एल्फिन्स्टन रोड स्टेशन २०१८ मध्ये प्रभादेवी झालं. त्याचे वडील एल्फिन्स्टनच म्हणणार, ती प्रभादेवी म्हणणार. पहिल्या ओळखीत ‘मी एल्फिन्स्टनला नोकरीला होतो’ आणि ‘मी रोज प्रभादेवीवरून जाते’ अशी दोघं दहा मिनिटं एकाच स्टेशनाबद्दल दोन वेगळी स्टेशनं असल्यासारखी बोलू शकतात. घोटाळा उलगडतो तिथे सासरा-सून यांची मैत्री सुरू करता येते. भांडणातून सुटणाऱ्या विनोदापेक्षा हा मला जास्त आवडतो.

वाहनाचा उपयोग देखावा म्हणून करू नकोस, सांगाडा म्हणून कर. दोघं अंधेरीहून दादरला निघाली आहेत आणि रिक्षात भांडण सुरू झालं आहे असं धर. मुंबईत रिक्षा पश्चिमेला वांद्र्यापर्यंत आणि पूर्वेला सायनपर्यंतच चालते, पुढे टॅक्सी घ्यावी लागते. म्हणजे भांडण ऐन रंगात आलं की वांद्र्याला उतरणं भाग. उतरल्यावर प्रश्न दोन: रिक्षाचे पैसे कोण देणार, आणि पुढे टॅक्सी एक करायची की दोन? भांडणातल्या माणसाला पैसे देऊ द्यायचे नसतात आणि स्वतः देऊन उपकारही दाखवायचे नसतात. दोघं एकदम क्यूआर कोडकडे फोन नेतात, रिक्षावाल्याच्या छोट्या स्पीकरमधून दोनदा पैसे आल्याचं ऐकू येतं, आणि जास्तीचे परत कोणी मागायचे म्हणजे कोणी हरायचं, यावर नवं भांडण उभं राहतं. मीटर हे घड्याळ म्हणून वापर. १ फेब्रुवारी २०२५ पासून पहिल्या दीड किलोमीटरला २६ रुपये आहेत. पहिलं वाक्य २६ रुपयांवर असताना, तिच्या आईचा उल्लेख साठावर, ‘मग उतरच तू’ शंभराच्या पुढे. वाचकाला वेळ सांगावी लागत नाही, आकडा चढताना दिसतो.

या प्रसंगात हमखास बिघडणारी जागा म्हणजे रिक्षावाला. त्याला तत्त्वज्ञ करू नकोस. ‘साहेब, जिंदगी छोटी है’ असं म्हणणारा रिक्षावाला हजार लेखांत बसून गेला आहे. खऱ्या माणसाला त्याची स्वतःची काळजी असते: सीएनजीची रांग, गाडी मालकाला परत द्यायची वेळ, डावीकडे वळायचं की सरळ. त्याला एकच वाक्य दे आणि ते रस्त्याबद्दलचं असू दे. दोघं तारस्वरात भांडत असताना त्याने शांतपणे ‘पुलावरून घेऊ का खालून?’ विचारलं आणि दोघांनी एकदम, एका सुरात ‘खालून’ म्हटलं, तर समेटाची पहिली खूण पडली. कुणी उपदेश न करता.

पुण्याचं लिहायचं असेल तर पुण्याचंच लिही, मुंबई काढून पुणे घालू नकोस. तिथे लोकलच्या जागी दुचाकी आहे, आणि दुचाकीवर एक माणूस दुसऱ्याकडे पाठ करून प्रेम करतो. बोलणं हेल्मेटमधून होतं, म्हणून महत्त्वाचं वाक्य दोनदा म्हणावं लागतं, आणि दुसऱ्यांदा ते मोठ्याने आणि नेमकं सिग्नलला गाडी थांबल्यावर बाहेर पडतं. झेड ब्रिजवर संध्याकाळी उभ्या गाड्यांवर बसलेली जोडपी नीट बघ. मेन स्टँडवरची गाडी सरळ उभी राहते, साइड स्टँडवरची डावीकडे कलते. कललेल्या गाडीवर डाव्या बाजूला पाय सोडून बसलं की दोघं हळूहळू खाली घसरत येतात आणि दर चार-पाच मिनिटांनी बोलणं थांबवून पुन्हा वर सरकतात. नोकरी, पॅकेज, आईचं मत, वर सरकणं. दोन वर्षांनी परदेशी जायचं, वर सरकणं. जिचं लग्नाबद्दल बोलायचं ठरलेलं आहे ती मुलगी आल्या आल्या ‘आधी गाडी मेन स्टँडवर लाव’ म्हणाली, तर पुढे काय होणार ते वाचकाला कळतं. एवढं जवळून पाहिलं की ‘शहरात प्रेमाला जागा नाही’ हे वाक्य लिहावंच लागत नाही.

फोनबद्दल थोडक्यात. प्रहसनात दारांमुळे जो गोंधळ उडतो तो आज फोनच्या नियमांमुळे उडतो, पण ते नियम पाठ हवेत. निळ्या टिकांचे विनोद २०१४ पासून होत आहेत, ते सोडून दे. व्हॉट्सॲपवर पाठवलेला मेसेज १५ मिनिटांपर्यंत बदलता येतो आणि बदलला की तशी खूण राहते. पुसला तर पुसल्याची खूण राहते. म्हणजे तिला शब्द दिसत नाहीत, पण त्याने काहीतरी गिळलं हे दिसतं. १५ मिनिटांची मुदत आणि वाटेत गेलेली रेंज, यावर पूर्ण लेख उभा राहतो. यूपीआयने पैसे पाठवताना समोरच्याचं बँकेतलं नाव दिसतं. ॲपवर स्टायलिश नाव लावलेल्या मुलाला कॉफीचे अर्धे पैसे पाठवताना तिला त्याचं आजोबांवरून ठेवलेलं नाव कळलं, तर हसू येतं. मात्र त्या नावाला हसू नकोस. तिला ते नाव आवडू दे आणि तो लाजू दे.

आता काय लिहायचं नाही. मुलीच्या मागे रोज तिच्या स्टेशनापर्यंत जाणारा, ‘नाही’ म्हटल्यावरही मेसेज करत राहणारा नायक एकेकाळी विनोदी लेखांत सर्रास असे. पाठलाग हा कायद्याने गुन्हा आहे, २०१३ पासून त्याचं वेगळं कलम होतं आणि आता भारतीय न्याय संहितेत ते ७८ वं आहे. पण कलम नसतं तरीही हे लिहू नकोस, कारण ज्या बाईने हे सोसलं आहे तिला त्या ओळीवर हसता येणार नाही, आणि ती तुझी वाचक आहे. मोलकरीण, वॉचमन, डिलिव्हरीचा मुलगा यांच्या गरिबीवर किंवा चुकीच्या उच्चारावर विनोद नको. जाडेपणा, टक्कल, काळा रंग नको. बायकोची भीती हा विषय झिजून गुळगुळीत झाला आहे.

बोलीचं जरा सविस्तर सांगतो, कारण तुझ्या लेखात सगळे एकाच आवाजात बोलतात. कोल्हापूरकडच्या कितीतरी मुली ‘मी आलो’, ‘मी जेवलो’ असंच म्हणतात. अशी मुलगी हिंजवडीत नोकरीला आहे आणि सदाशिव पेठेतल्या मुलाच्या आईशी तिचं पहिल्यांदा फोनवर बोलणं चाललं आहे. ‘हो काकू, मी जेवलो.’ इथे बोलीला हसायचं नाही. हसू कशाचं आहे? आईच्या गोंधळाचं, आणि महिन्याभराने तीच आई नकळत ‘मी जरा बाहेर जाऊन आलो’ म्हणते त्याचं. बोली जिंकली पाहिजे. नागपूरचा ‘करून राहिलो’, मालवणीतला हेल, मुंबईची हिंदीमिश्रित मराठी, जी तुझ्या कानात पक्की बसली आहे तीच वापर. ऐकीव बोली दुसऱ्या वाक्यात उघडी पडते.

तसंच ‘तू’ आणि ‘तुम्ही’. ऑफिसात ‘तुम्ही’ म्हणणारी दोघं कधी ‘तू’वर येतात, हा मराठी प्रेमातला फार मोठा क्षण आहे आणि इंग्रजीत तो घडूच शकत नाही. मधल्या काळात माणसं सर्वनाम टाळून बोलतात: ‘जेवण झालं का?’, ‘निघायचं का?’, ‘चहा घ्यायचा का?’ अशी कर्ता गिळलेली पंधरा-वीस वाक्यं लिही आणि मग एकदा चुकून ‘तू’ येऊ दे. त्यावर कुणीही काही बोलू नये.

वाक्यरचनेची एक युक्ती सांगतो, ती रोज लागेल. मराठीत क्रियापद शेवटी येतं आणि बऱ्याचदा ते ‘होतं’, ‘आहे’, ‘असायचं’ असं मऊ असतं. हसवणारा शब्द त्याच्या आधी येऊन दबतो. ‘दादरला आठ मिनिटांच्या भेटीसाठी त्याने सीएसएमटीपासून राखलेली खिडकी सोडली होती’ हे वाक्य व्याकरणाने बरोबर आहे आणि विनोदाने मेलेलं. ‘सीएसएमटीपासून राखलेली खिडकी त्याने दादरला सोडली, आठ मिनिटांच्या भेटीसाठी.’ शब्द बहुतेक तेच, फक्त ‘होती’ गेलं आणि आठ मिनिटं टोकाला आली. तुझ्या लेखातल्या प्रत्येक विनोदाचं शेवटचं वाक्य काढ आणि शेवटचा शब्द कोणता आहे ते बघ. मी मोजले: अकरापैकी नऊ ठिकाणी ‘होतं’ किंवा ‘होता’ आहे. उद्गारचिन्हं बावीस आहेत, ती सगळी काढ. आठ किंवा सतरा हे आकडे दहा किंवा वीसपेक्षा चांगले, कारण ते मोजल्यासारखे वाटतात. अर्थात दर वाक्याला ही उलटापालट केलीस तर तीही सवय होऊन बसेल. पानाला दोनदा पुरे.

मोठा विषय हवा असेल तर नोंदणी विवाह घे. १९५४ च्या विशेष विवाह कायद्यात मुदती तयार आहेत: दोघांपैकी एकाचं त्या जिल्ह्यात किमान ३० दिवस वास्तव्य, नोटीस दिल्यावर ३० दिवस थांबणं, नोटिशीपासून तीन महिन्यांत लग्न, आणि तीन साक्षीदार. तीन मित्र कामाच्या दिवशी, एकाच वेळी, ओळखपत्रासकट एका जागी आणायचे आहेत. एक विरारचा, एक पनवेलचा आणि एक नाइट शिफ्टवाला. घड्याळ कायद्यानेच लावून दिलं आहे, तू फक्त माणसं धावव. वास्तव्याचा पुरावा म्हणून जो भाडेकरार दाखवायचा तो बहुधा ११ महिन्यांचा असतो आणि नेमका संपत आलेला असतो, हेही विसरू नकोस.

लांबीचं बोलू. दैनिकाच्या पुरवणीला ६०० ते ८०० शब्द पुरतात, दिवाळी अंकाला १५०० ते २५००. तुझा लेख ३,४०० शब्दांचा आहे आणि त्यात तीन लेख आहेत: भेट, भाड्याचं घर, लग्न. एकच ठेव. पहिल्या १०० शब्दांत दोघं, जागा आणि अडचण तिन्ही आली पाहिजेत. तुझी पहिली दीड पानं ‘आजच्या धकाधकीच्या जीवनात’ यावर गेली आहेत, ती पूर्ण काप. मग मोठ्याने वाच, घड्याळ लावून, अशा माणसासमोर ज्याला तुझं मन राखायची गरज नाही. तो हसला तिथे खूण कर, तुला वाटलं होतं पण हसला नाही तिथेही कर. दुसऱ्या खुणेच्या जागी विनोद वाईट असेलच असं नाही; बहुतेक वेळा त्याआधी सांगायची एखादी माहिती राहिलेली असते. ती दोन परिच्छेद आधी पेरून पुन्हा वाच.

दिवाळी अंकासाठी लिहितो आहेस म्हणून आणखी एक. संपादक हे लेख पावसाळ्यात वाचतात आणि वाचक थंडीच्या तोंडावर. चालू बातमीवरचा विनोद मधल्या चार महिन्यांत शिळा होतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये अंधेरीच्या गोखले पुलाची एक बाजू उघडली आणि शेजारच्या बर्फीवाला पुलाशी तिची उंची जुळेना, तेव्हा ‘न जुळलेली दोन मनं’ हा विनोद दोन दिवसांत सगळ्यांच्या फोनवर फिरला, आणि काही महिन्यांत ते पूल जोडलेही गेले. दिवाळीत तो कुणाला हवा होता? त्या दिवशी पुलाखाली कुणाची भेट चुकली, हे लिहिलं असतं तर आजही वाचता आलं असतं.

शेवट. तुझ्या लेखात ती अर्धा वडापाव कागदात गुंडाळून त्याच्या बॅगेत ठेवते, कारण डोंबिवलीपर्यंत त्याला भूक लागणार. तिथे थांब. त्यानंतरची ‘खरंच, प्रेम म्हणजे’ पासूनची सहा वाक्यं काढून टाक. फक्त वडापावच्या कागदावर तिखट चटणीचा डाग आधीच पडू दे, म्हणजे तो डाग त्याच्या बॅगेतल्या कुठल्या कागदावर उतरणार याची वाचक वाट बघेल.

एखाद्या मंगळवारी किंवा बुधवारी संध्याकाळी साडेसहा ते आठ दादरच्या पुलावर उभा राहा. शनिवार-रविवार नको, तेव्हाची गर्दी खरेदीची असते. कुणाचा फोटो काढू नकोस, कुणाच्या मागे जाऊ नकोस, नावं टिपू नकोस. कानावर पडलेली वीस वाक्यं घरी येऊन लिही. नवा खर्डा पाठवशील तेव्हा ती वीस वाक्यं आणि मधोमध रेघ मारलेला कागदही सोबत जोड. त्यातलं लेखात काय आलं नाही ते मला बघायचं आहे.

तुझा स्नेही